थंड प्रदेशातील चिकणमातीच्या रस्त्यासाठी जवसाच्या काडाचे तंतू कितपत उपयोगी पडतील?

लालनदीकाठ (मॅनिटोबा, कॅनडा), जून

सर्वांना नमस्कार. मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला असून गेली अकरा वर्षे विनिपेग शहराच्या दक्षिणेस, रेड नदीच्या खोऱ्यात राहतो. शिक्षणाने स्थापत्य अभियंता असलो तरी माझे काम पोलादी सांगाड्यांच्या आरेखनाचे आहे आणि मातीचा प्रत्यक्ष अनुभव मला नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

मुख्य रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत सुमारे ३०० मीटर लांबीची आणि ४ मीटर रुंदीची खासगी वाट आहे. खालची माती अगदी आपल्या काळीसारखी आहे: ओली झाली की बुटाला किलो-किलोने चिकटणारी, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. येथे तिला ‘गंबो’ म्हणतात. हिमयुगाच्या अखेरीस या भागात अगासिझ नावाचे प्रचंड सरोवर होते आणि ही माती त्याच्या तळाचा गाळ आहे. हिवाळ्यात वाट दगडासारखी कडक असते. पण एप्रिलमध्ये वितळण सुरू झाली की चार आठवडे गाडी घरापर्यंत येत नाही. दरवर्षी खडी टाकतो आणि दरवर्षी ती खडी माती गिळून टाकते.

या मार्चमध्ये मी वाटेच्या कडेचे एक गोठलेले ढेकूळ फोडून पाहिले. आत मातीच्या थरांमध्ये नखाएवढ्या जाडीचे स्वच्छ बर्फाचे आडवे पापुद्रे होते, जणू कुणी हाताने रचून ठेवावेत. ते ढेकूळ ताटलीत ठेवून घरात आणले. तासाभराने ताटलीत काही कडक खडे आणि त्यांच्याभोवती पाणी एवढेच उरले. वरून एक थेंबही पाणी न घालता त्या मातीचा चिखल झाला होता.

शेजारचे शेतकरी जवस पिकवतात. बी विकले जाते, काड मात्र उरते. ते चिवट असल्यामुळे नांगराला गुंडाळले जाते, म्हणून वर्षानुवर्षे ते जाळण्याची पद्धत होती. आता १ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर या काळात येथे काड जाळण्यावर निर्बंध आहेत आणि शेजाऱ्यांकडे गोल गठ्ठे पडून आहेत. आमच्या घरी आजी जवसाची चटणी करत असे, पण या झाडाच्या सालीत इतका मजबूत वाख, म्हणजे लांब तंतू, असतो हे मला येथे येऊन कळले.

माझे विचारणे असे आहे की, हा वाख बारीक कापून वाटेच्या वरच्या थरात मिसळला, तर वसंतातील चिखल कमी होईल का? किती प्रमाणात आणि किती लांबीचा घ्यावा? आणि तो कुजून गेला तर केलेली मेहनत वाया जाईल का? तीच मेहनत दुसऱ्या उपायावर खर्च करणे शहाणपणाचे असेल, तर तेही स्पष्ट सांगावे.

जुना परीक्षक (अमरावती)

आपण ढेकळाचे केलेले वर्णन वाचून आनंद झाला, कारण प्रयोगशाळेत जाण्याआधी माती हातात घेऊन पाहणारे अभियंते कमी भेटतात. मी तीस वर्षे माती परीक्षणाचे काम केले. माझा सगळा अनुभव विदर्भातील काळ्या मातीचा आहे, गोठणाऱ्या मातीचा नाही. त्यामुळे तंतूंबद्दल जे सांगतो ते त्या मर्यादेत घ्यावे.

मातीत तंतू घालणे आपल्याकडे नवीन नाही. भिंतीचा गारा करताना तूस किंवा गव्हांडा घालून तो तुडवत आणि काही दिवस मुरवत ठेवत, ते वाळताना भेगा पडू नयेत म्हणून. तत्त्व तेच आहे. चिकणमाती दाब बऱ्यापैकी सोसते, ताण मात्र जवळजवळ सोसत नाही. भेग पडू लागली की तिच्या दोन्ही काठांत रुतलेला तंतू ताणला जातो आणि मातीशी असलेल्या घर्षणाच्या जोरावर ती भेग उघडण्यास विरोध करतो. तंतू नसलेला नमुना दाबयंत्रात एका क्षणी तिरका फुटतो आणि संपतो. तंतूंचा नमुना मध्ये पिंपासारखा फुगतो, पण भार धरून ठेवतो. रस्त्याच्या दृष्टीने कमाल बळात झालेल्या वाढीपेक्षा हा गुण मोलाचा आहे, कारण चाकाखाली माती एकदाच फुटून चालत नाही, तिला हजार वेळा दबून पुन्हा उभे राहावे लागते.

प्रमाणाबद्दल सांगायचे तर कोरड्या मातीच्या वजनाच्या पाव टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत तंतू घालून पाहतात आणि लांबी १० ते ३० मिलिमीटर ठेवतात. यात जास्त म्हणजे चांगले असे समजू नये. एका मर्यादेनंतर तंतू एकमेकांत गुंततात, त्यांचे गोळे होतात, गोळ्यांच्या जागी पोकळी राहते आणि बळ उलट उतरते. शिवाय वनस्पतीचे तंतू स्वतः पाणी पितात. त्यामुळे प्रॉक्टर चाचणीत (किती ओलीला माती सर्वांत घट्ट दबते ते पाहण्याची चाचणी) इष्टतम आर्द्रता थोडी वाढलेली आणि कमाल कोरडी घनता थोडी घटलेली दिसेल. मूळ मातीच्या आकड्यांवर दबाई केली तर फसगत होते, म्हणून मिश्रणाची प्रॉक्टर चाचणी स्वतंत्र करावी.

एका कामावर ठेकेदाराने काथ्याचे तंतू पाऊस पडून गेलेल्या मातीवर तसेच फेकले आणि रोटाव्हेटर फिरवला. दुसऱ्या दिवशी आम्ही खोदले तेव्हा हाताच्या मुठीएवढे काथ्याचे गोळे एका बाजूला आणि नुसता चिखल दुसऱ्या बाजूला निघाला. मिसळण्याचे काम वाफशावरच करावे, हा शेतकऱ्याचा नियम येथेही तंतोतंत लागू आहे. मूठ दाबली तर लाडू व्हावा आणि बोटाने दाबल्यावर तो फुटावा, एवढीच ओल हवी.

माझा स्वतःचा कल मात्र आधी चुन्याकडे जाईल. आपल्या काळ्या मातीत वजनाच्या ३ ते ६ टक्के चुना घातला की ती काही तासांतच भुसभुशीत होते, फुगणे कमी होते आणि पुढे आठवडेच्या आठवडे बळ वाढत राहते. चुना आणि तंतू एकत्र घातल्यास चुना माती कडक करतो आणि तंतू तिचा ठिसूळपणा कमी करतात. आपल्याकडे चुना सहज मिळत असेल तर तो विचार अवश्य करावा.

शीतमृदा (एडमंटन)

मी गोठलेल्या मातीवर पीएच.डी.चे काम करते आणि गेली चार वर्षे माझा बराचसा दिवस शीतकपाटासमोर जातो. परीक्षक सरांनी तंतूंच्या कार्याबद्दल जे लिहिले आहे त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. चुन्याबद्दल मात्र एक गंभीर सावधगिरी सांगायची आहे. तिच्याकडे येण्याआधी लालनदीकाठ यांच्या ताटलीतील ढेकळाविषयी लिहिते, कारण सगळ्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि त्यामुळे जमीन उचलली जाते, अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकी भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९ आणि १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्याऐवजी बेंझीन वापरले. बेंझीन गोठताना आकुंचन पावते, तरीही माती उचलली गेली. म्हणजे उचल फुगण्यामुळे होत नाही. गोठणाऱ्या थराकडे खालून नवा द्रव ओढला जातो आणि त्याचे पापुद्रे वाढत जातात म्हणून ती होते. मातीच्या सूक्ष्म कणांभोवतीची पाण्याची पातळ साय शून्याखाली काही अंशांपर्यंत गोठत नाही, आणि त्या सायीच्या वाटेने पाणी बर्फाकडे सरकत राहते. हे पाणी आजूबाजूच्या मातीतूनही शोषले जाते, म्हणून पापुद्र्यांमधली माती आणखी घट्ट आणि कोरडी होते. आपल्या ताटलीत उरलेले कडक खडे म्हणजे तीच माती. बर्फ वितळला की घट्ट खडे आणि त्यांच्या सांदीत मोकळे पाणी असे मिश्रण उरते. चाक त्यावरून गेले की खडे एकमेकांवरून घसरतात.

आता तंतू यात काय करू शकतो हे उघड आहे. तो एका खड्याला दुसऱ्या खड्याशी बांधतो. त्यासाठी त्याची लांबी खड्यांच्या आकारापेक्षा जास्त हवी, म्हणून मी आपल्या मातीसाठी २० ते ३० मिलिमीटर सुचवेन. प्रयोगशाळेतील चित्र आशादायक आहे. घजवी आणि रूस्ताई या इराणी संशोधकांनी २०१० मध्ये केओलिन चिकणमातीवर केलेल्या कामात, गोठण-वितळणीच्या आवर्तनांनी साध्या मातीचे बळ २० ते २५ टक्क्यांनी घटले. ३ टक्के पॉलिप्रोपिलीन तंतू घातलेल्या मातीचे बळ आवर्तनांच्या आधी आणि नंतरही ६० ते १६० टक्क्यांनी अधिक भरले आणि उचल ७० टक्क्यांनी कमी झाली. पण ते तंतू प्लॅस्टिकचे होते, ते पाणी पीत नाहीत आणि कुजत नाहीत, आणि ३ टक्के हे प्रमाण शेतातल्या वाटेवर मिसळणे जवळजवळ अशक्य आहे. या आकड्यांवरून दिशा समजून घ्यावी, हिशोब करू नये.

माझ्या स्वतःच्या नमुन्यांत जे पुनःपुन्हा दिसते ते असे की, बळाची बहुतेक घट पहिल्या तीन-पाच आवर्तनांत होते आणि नंतर ती स्थिरावते. दहाव्या आवर्तनानंतर तंतू नसलेला नमुना साच्यातून काढताना आडव्या चकत्यांत सुटतो. वाख घातलेल्या नमुन्यालाही त्याच जागी आडव्या भेगा असतात. पण भेगेत डोकावले की पूल टाकावेत तसे पिवळसर धागे या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेले दिसतात आणि नमुना हातात अखंड येतो. पापुद्रे दोन्हींत तयार झाले होते. फरक वितळल्यानंतरच्या वागण्यात होता.

म्हणून आपली अपेक्षा नेमकी ठेवा. विनिपेगच्या आसपास जमीन सुमारे दोन मीटर खोलपर्यंत गोठते आणि आपण मिसळणार आहात वरच्या वीस सेंटिमीटरमध्ये. खालच्या पावणेदोन मीटरमधून येणारी उचल हा थर थांबवू शकणार नाही. वितळणीच्या आठवड्यांत चाकोऱ्या खोल जाऊ नयेत, एवढेच त्याच्याकडून मागावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बर्फ. वाटेवरचा बर्फ आपण हिवाळाभर बाजूला सारत असाल. बर्फ हे जमिनीचे पांघरूण असते. ते काढल्यामुळे वाटेखालची जमीन शेजारच्या शेतापेक्षा खोल गोठते. वसंतात मोकळी, काळी वाट आधी वरून वितळते, खाली अजून गोठलेला थर असतो आणि दोन्ही बाजूंना आपणच रचलेले बर्फाचे ढीग असतात. वितळलेल्या पाण्याला खाली मुरता येत नाही आणि बाजूला जाता येत नाही. वाट म्हणजे पाण्याने भरलेले टाके होते. या टाक्यात कितीही उत्तम तंतू घातले तरी ते भिजत राहतील. वाटेला मध्ये उंची देऊन दोन्ही बाजूंना ३ ते ४ टक्के उतार, कडेला वाहते चर आणि बर्फ चरांच्या पलीकडे टाकणे हे आधी करावे. मार्चअखेर चरांतला बर्फ हाताने मोकळा करून दिला तर पहिले पाणी निघून जाते.

आता चुन्याबद्दल. विनिपेग भागातील चिकणमातीत जिप्सम असते आणि सल्फेटचे प्रमाण जास्त असू शकते, म्हणूनच तेथे पायासाठी सल्फेटरोधक सिमेंट वापरतात. अशा मातीत चुना घातला तर कॅल्शियम, मातीतील ॲल्युमिना, सल्फेट आणि पाणी यांपासून एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात आणि माती पूर्वीपेक्षा जास्त फुगते. सल्फेटची चाचणी केल्याशिवाय चुन्याचे पोते उघडू नये. दुसरी अडचण ऋतूची आहे. मातीचे तापमान ४-५ अंशांच्या खाली गेले की चुन्याची बळ वाढवणारी प्रक्रिया जवळजवळ थांबते. म्हणून पहिल्या कडक थंडीच्या किमान चार आठवडे आधी काम संपलेले हवे. तिसरी गोष्ट, चुन्याचा तीव्र अल्कधर्म वनस्पतीच्या तंतूंना हळूहळू खातो. चुना आणि वाख यांचा संसार आपल्याला वाटतो तितका सुखाचा नसतो.

कुजण्याविषयीही विचारले आहे. काथ्यात ४० टक्क्यांहून अधिक लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा, सहज न कुजणारा घटक) असते, म्हणून तो ओल्या मातीत काही वर्षे टिकतो. जवसाच्या वाखात लिग्निन फारच थोडे आणि सेल्युलोज सुमारे ७० टक्के असते. त्यामुळे तो ताणाला काथ्यापेक्षा खूप मजबूत, पण जिवाणूंना सोपा. शेतकरी म्हणतात की जवसाचे काड कुजत नाही. ते खरे आहे, पण ते कोरड्या पृष्ठभागावर आणि सालीवरच्या मेणासकट पडलेल्या काडाबद्दल. ओल्या, हवा खेळत्या मातीत गाडल्यावर एक-दोन उन्हाळ्यांत त्याचे बळ उतरू लागते. थंडी यात आपली मदत करते, कारण नोव्हेंबर ते एप्रिल कुजण्याचे काम जवळपास बंद असते. वाख दोन-तीन वसंत धरून ठेवील अशा हिशोबाने काम करावे आणि तेवढ्या वेळात वर खडीचा थर घट्ट बसेल असे पाहावे.

सिंधूकाठचा (पूर्वी लेह, आता सातारा)

मी लेहच्या परिसरात रस्त्यांच्या कामावर सहा वर्षे होतो. पाण्याविषयी ताईंनी लिहिले आहे त्याला एक पुरावा माझ्याकडून जोडतो. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तेथे रात्री तापमान उणे वीसच्या आसपास जाते, म्हणजे गोठण्या-वितळण्याची आवर्तने भरपूर. तरीही तेथे कच्च्या विटांची शेकडो वर्षांची घरे आणि गोंपा (बौद्ध मठ) उभे आहेत. छपरावर पॉपलरचे वासे, त्यांवर विलोच्या काठ्या, त्यावर गवत आणि सगळ्यांत वर मरकलाक नावाची चिकणमाती असते. भिंतीच्या गिलाव्यात कापलेला पेंढा असतो. हे टिकते याचे मोठे कारण, वर्षभरात पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर पडतो; गोठायला मातीत पाणीच नसते. ऑगस्ट २०१० मधील ढगफुटीत मात्र त्याच मातीच्या घरांचे फार मोठे नुकसान झाले. थंडी तीच, पेंढा तोच, फक्त पाणी आले.

रस्त्यावर आम्हाला सगळ्यांत त्रास व्हायचा तो जेथे डोंगरातून झरा रस्त्याखाली येतो त्या ठिकाणी. शेजारचे शंभर मीटर ठणठणीत आणि तेवढाच तुकडा दरवर्षी उचललेला. तेथे आम्ही माती काढून मोठ्या दगडांचा थर घालत असू, म्हणजे खालून वर पाणी ओढले जाण्याची साखळी तुटते. लालनदीकाठ यांना खोल खोदाई परवडणार नाही हे समजते; पण खडी माती गिळते असे ते लिहितात, त्याला सोपा उपाय आहे. माती आणि खडी यांच्यामध्ये वेगळे राखणारे कापड अंथरावे. आपल्याकडे ग्रामीण रस्त्यांसाठी काथ्याच्या जाळ्या वापरण्यास २०२० मध्ये मान्यता मिळाली आणि पहिल्या टप्प्यात एकट्या महाराष्ट्रात ३२८ किलोमीटर रस्ते धरले होते. सुटा तंतू मातीला आतून बांधतो, कापड खडीला वर राखते. दोघांची कामे वेगळी आहेत.

लालनदीकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सल्फेटची चाचणी करून घेतली; प्रमाण बरेच जास्त निघाले, तेव्हा चुन्याचा विचार सोडला आहे. परीक्षक सरांनी राग मानू नये.

पूर्ण वाटेचा हिशोब मांडला. ३०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर जाड थर म्हणजे २४० घनमीटर. दबलेल्या कोरड्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १.४ टन धरले तर ३३६ टन. त्याच्या अर्ध्या टक्क्याप्रमाणे जवळजवळ १.७ टन वाख लागेल. काडात वाखाचा भाग अदमासे चौथा हिस्सा धरला तर सात टन काड झाले. काड फुकट आहे, पण ते कापणे आणि मिसळणे फुकट नाही. म्हणून या वर्षी दहा-दहा मीटरचे तीनच पट्टे करतो: एकात फक्त उतार आणि चर, दुसऱ्यात फक्त वाख, तिसऱ्यात दोन्ही. एका पट्ट्याला ५६ किलो वाख पुरेल.

अडचण अशी की काल थोडे काड कापून रोटाव्हेटरखाली टाकून पाहिले, तर दहा मिनिटांत पात्यांच्या दांड्याला दोरखंड वळल्यासारखे गुंडाळले गेले आणि ते सुरीने कापून काढण्यात दुपार गेली. यावर उपाय आहे का?

शीतमृदा

आपण नव्या हंगामाचे हिरवट काड घेतले असावे. त्यात वाख लाकडी गाभ्याला चिकटलेला असतो आणि लांब राहतो. शेतात एक हिवाळा काढलेला, दवाने आणि बर्फाने अर्धवट कुजून करड्या रंगाचा झालेला गठ्ठा शोधा. आपल्याकडे अंबाडी पाण्यात कुजवून वाख सोडवतात, तेच काम येथे निसर्गाने केलेले असते. तो हॅमर मिलमधून (हातोड्यांनी ठेचणाऱ्या यंत्रातून) काढला की गाभा तुकडे होऊन खाली पडतो. तो गाभा चाळून बाजूला करा, मातीत जाऊ देऊ नका, कारण तो स्पंजासारखा पाणी धरतो आणि दबाईला आडवा येतो. वाख तीन सेंटिमीटरपेक्षा लांब राहिला नाही तर गुंडाळण्याचा त्रास बराच कमी होतो.

मिसळताना आधी माती एकदा नांगरून वाफशावर आणावी, मग वाख हाताने पिंजून तीन हप्त्यांत पसरावा आणि प्रत्येक हप्त्यानंतर रोटाव्हेटर फिरवावा. कोरड्या मातीवर तो वाऱ्याने उडतो, ओल्या मातीवर गोळे धरतो. दबाईला गुळगुळीत रोलरपेक्षा शीपफूट रोलर (खुरांसारखे उंचवटे असलेला) घ्यावा. तो थर खालून वर दाबत येतो आणि दोन थरांत सांधा राहत नाही. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हे आटोपावे.

जुना परीक्षक

चुन्याबद्दल राग कसला? सल्फेट असलेल्या मातीत चुना घालू नये हे मीही शिकवले आहे. आपल्याकडच्या मातीत तो प्रश्न क्वचित येतो म्हणून लिहिताना सुटले, ती चूक माझी. ताईंनी ती वेळेवर पकडली. एकच विनंती आहे: तिन्ही पट्टे वाटेच्या सारख्याच भागात घ्यावेत. एक सखल जागी आणि एक उंचावर असे झाले तर निष्कर्ष पाण्याचा निघेल आणि श्रेय वाखाला जाईल. आणि एक अनघड तुकडा तसाच सोडावा, म्हणजे तुलना करता येईल.

लालनदीकाठ, पुढील मे

वितळण संपली, म्हणून लिहितो. तिन्ही पट्टे आणि एक न छेडलेला तुकडा सरांनी सांगितल्याप्रमाणे एकाच सपाट भागात ओळीने घेतले होते.

न छेडलेल्या तुकड्यावर नेहमीप्रमाणे चाके अर्धी बुडाली. फक्त वाख घातलेल्या पट्ट्यावर पाणी साचून राहिले आणि चाकोऱ्या पडल्याच, पण गाडी अडकली नाही. चिखल चाकाला चिकटून वर न येता पायाखालच्या ओल्या गोधडीसारखा दबत होता. फक्त उतार आणि चर असलेला पट्टा याहून बरा ठरला, हे मला अपेक्षित नव्हते. तेथे पाणी दोन दिवसांत निघून गेले, मात्र पृष्ठभाग ढेकळांत फुटला आणि प्रत्येक फेरीला थोडी माती बाहेर फेकली जात होती. दोन्ही केलेल्या पट्ट्यावरून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातही रोज गाडी नेली; चाकांचे वळ उठले, खोल चाकोऱ्या पडल्या नाहीत. उचल मात्र चारही ठिकाणी सारखीच दिसली, अगदी ताईंनी लिहिले होते तशी.

काल तिसऱ्या पट्ट्यात खुरप्याने वीतभर उकरले. माती ढेकळांत सुटते, पण ढेकळे एकमेकांना धाग्यांनी लोंबकळत राहतात. दहा-बारा धागे ओढून पाहिले. वरच्या पाच सेंटिमीटरमधले काही बोटांत सहज तुटले आणि त्यांचा रंग काळपट झाला आहे, खालचे अजून पिवळे आहेत आणि नखाने तुटत नाहीत. या उन्हाळ्यात पूर्ण ३०० मीटरचे चर खोदून घेतो. घरासमोरच्या वळणावर, जेथे गाडी थांबते आणि वळते, तेवढ्या साठ मीटरमध्येच वाख घालणार आहे आणि त्यावर कापड अंथरून खडी टाकणार आहे. जुन्या पट्ट्यांवर खडी टाकत नाही. ऑक्टोबरमध्ये, जमीन गोठण्याआधी, पुन्हा त्याच जागी उकरून खालचे धागे किती उरले ते येथे कळवीन.